महासंगणकाच्या रांगेत शिध्याची पेटी

पिठाच्या गिरणीत दळण घेऊन गेलेले माणूस पीठ होईपर्यंत तिथे ताटकळत बसत नाही. डब्यावर नाव घातलेले असते, आत गहू आहेत की ज्वारी ते दिसतेच. बारीक की भरड तेवढे सांगायचे आणि घरी परतायचे. क्रम लावण्याचे काम गिरणीवाल्याचे. तो आलेल्या क्रमानेच दळतो असेही नाही. गव्हाचे डबे एकापाठोपाठ घेतो, हरभऱ्याच्या डाळीचा डबा बाजूला ठेवतो, कुणाचे किलोभर दळण मध्येच उरकून देतो. संध्याकाळी जाऊन डबा घेऊन यायचा.

महासंगणक साधारण याच रीतीने वापरला जातो. आपल्या टेबलावरच्या संगणकाला आपण आज्ञा देतो आणि तो लगेच कामाला लागतो. महासंगणकापुढे मात्र एकाच वेळी शेकडो संशोधक आपापले दळण घेऊन उभे असतात. कुणाला मान्सूनचे गणित सोडवायचे आहे, कुणाला प्रथिनाच्या रेणूची घडी शोधायची आहे. या सर्वांचा क्रम लावणारा गिरणीवाला म्हणजे एक आज्ञावली असते. तिला शेड्यूलर, म्हणजे कामांची नियोजक, म्हणतात. ती काम कसे करते, आणि गेल्या दहा वर्षांत तिच्याकडे येणारी कामे बंद पेट्यांतून का येऊ लागली, हे या लेखात पाहू.

महासंगणक म्हटले की एक अजस्र यंत्र डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात ते बहुधा पुष्कळशा संगणकांचे एक खटले असते. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये तयार केलेला परम ८००० हा ट्रान्सप्युटर नावाचे अनेक प्रक्रियक एकत्र जोडून बनवला होता. १९९४ मध्ये अमेरिकेत नासाच्या गोडार्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी बाजारात मिळणारे साधे १६ संगणक तारांनी जोडले आणि त्या जोडणीला बेओवुल्फ हे नाव दिले. आजच्या महासंगणकांची घडण याच वळणाची आहे. एकेका संगणकाला नोड म्हणतात. असे शेकडो किंवा हजारो नोड वेगवान जाळ्याने जोडलेले असतात आणि सर्वांना मिळून फायलींचे एक सामाईक कोठार असते. अशा समूहाला क्लस्टर म्हणतात.

संशोधक यातल्या एका दर्शनी नोडवर प्रवेश करतो आणि तिथे एक चिठ्ठी लिहून ठेवतो. चिठ्ठीत वरच्या ओळींत मागणी असते: किती नोड हवेत, प्रत्येकावर किती प्रक्रियक, किती स्मृती आणि किती वेळ. खालच्या ओळींत प्रत्यक्ष करायचे काम असते. चिठ्ठी नियोजकाकडे दिली की संशोधक मोकळा झाला. जागा झाल्यावर, मग ते रात्री तीन वाजता का असेना, काम आपोआप सुरू होते आणि उत्तर फाईलमध्ये लिहिले जाते.

अशा नियोजक आज्ञावल्या अनेक आहेत. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातील काँडोर १९८८ मधली. नासाच्या एम्स केंद्रात १९९०च्या दशकाच्या आरंभी पीबीएस तयार झाली. सध्या सर्वांत जास्त दिसते ती स्लर्म. तिचा जन्म २००० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत लॉरेन्स लिव्हरमोर राष्ट्रीय प्रयोगशाळेत झाला, आणि भारताच्या राष्ट्रीय महासंगणन अभियानातील परम मालिकेच्या यंत्रांवरही तीच वापरतात.

रांगेचे गणित

रांगेचा नियम वरवर सोपा वाटतो: आधी येईल त्याला आधी. पण केवळ या नियमाने चालले तर महागडे यंत्र बराच वेळ रिकामे राहील. का, ते एका लहान उदाहरणाने पाहू. हे उदाहरण वर्गात चौकटीच्या कागदावर सहज करून घेता येते. चार उभे रकाने म्हणजे चार नोड, आणि आडवी प्रत्येक ओळ म्हणजे एक तास.

सकाळचे दहा वाजले आहेत. ‘अ’ हे काम दोन नोडांवर चालू आहे आणि ते दुपारी दोनपर्यंत चालणार आहे. उरलेले दोन नोड मोकळे आहेत. रांगेत पहिले आहे ‘ब’. त्याला चारही नोड तीन तास हवेत. त्यामागे ‘क’, त्याला एक नोड दोन तास. त्यामागे ‘ड’, त्याला दोन नोड सहा तास. ‘ब’ला दोनपर्यंत थांबणे भागच आहे. मग मागच्यांनीही हात बांधून थांबायचे काय? नियोजक काय करतो, तर ‘ब’साठी दुपारी दोनची वेळ राखून ठेवतो आणि मग पाहतो की मधल्या भोकात बसेल असे कुणी मागे आहे का. ‘क’ आत्ता सुरू झाले तर बाराला संपेल. ‘ब’चे काहीच बिघडत नाही. त्याला पुढे घेतात. ‘ड’ आत्ता सुरू केले तर दुपारी चारपर्यंत चालेल आणि ‘ब’ला दोन तास अडवील. म्हणून ‘ड’ने पाच वाजेपर्यंत, म्हणजे ‘ब’ संपेपर्यंत थांबायचे. या युक्तीला बॅकफिल म्हणतात. आपण तिला ‘फटी भरणे’ म्हणू.

आता विद्यार्थ्यांना विचारावे: ‘क’च्या मालकाने भीतीपोटी दोन तासांऐवजी आठ तास मागितले असते तर? त्याचे काम फटीत बसले नसते, पाच वाजेपर्यंत पडून राहिले असते. आणि धूर्तपणा करून एकच तास मागितला असता तर? काम लगेच सुरू झाले असते, आणि तासाभराने अर्धवट असतानाच नियोजकाने ते बंद पाडले असते, कारण मागितलेली वेळ संपली. आपल्या कामाचा अंदाज प्रामाणिकपणे बांधणाऱ्यालाच या रांगेत फायदा होतो. दुसऱ्या कुठल्या रांगेत असे घडते हे मला तरी आठवत नाही.

याशिवाय नियोजक जुना हिशेबही ठेवतो. ज्या गटाने गेल्या काही दिवसांत यंत्र भरपूर वापरले त्याची पायरी खाली येते, ज्याने वापरले नाही त्याची वर जाते. हा सगळा डोलारा एका गोष्टीवर उभा आहे: चिठ्ठीत जे मागितले तेवढेच काम वापरते आहे ना, हे नियोजकाला नेमके कळले पाहिजे. हा मुद्दा लक्षात ठेवावा, पुढे त्याचीच गाठ पडणार आहे.

एकच आज्ञावली, दोन उत्तरे

रांगेत नंबर लागला म्हणजे काम झाले असे नाही. संशोधकाने आपल्या संगणकावर आज्ञावली तयार केलेली असते. ती एकटी कधीच नसते. तिला भाषेची अमुक आवृत्ती लागते, गणिताचे तमुक ग्रंथालय लागते, त्या ग्रंथालयाला आणखी पाच लागतात. क्लस्टरवर यातले काही नसते, काही जुने असते. तिथली कार्यप्रणाली वर्षानुवर्षे मुद्दामच फारशी बदलत नाहीत, कारण शेकडो लोकांची कामे तिच्यावर चालू असतात. आणि एकाच्या सोयीसाठी हवे ते बसवण्याचा अधिकार सामान्य वापरकर्त्याला नसतो.

आज्ञावली चाललीच नाही तर निदान कळते तरी. ती चालली आणि वेगळेच उत्तर देऊ लागली तर? मेंदूच्या चुंबकीय चित्रांवरून त्याच्या भागांचे आकारमान काढणारी फ्रीसर्फर नावाची आज्ञावली आहे. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत तीच चित्रे तिच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांना दिली, तेव्हा आकारमानात सरासरी ८.८ टक्के फरक पडला. आवृत्ती न बदलता केवळ संगणकाची जात किंवा कार्यप्रणालीची आवृत्ती बदलली, तरी याच्या सुमारे निम्मा फरक आला. मेंदूचा एखादा भाग आजाराने चार टक्के आक्रसला असे कुणी म्हणाले, तर तो आजार की संगणक, हे आधी विचारावे लागेल!

दुसरे उदाहरण रसायनशास्त्रातले आहे. २०१४ मध्ये ‘नेचर प्रोटोकॉल्स’ या नियतकालिकात एक पद्धत आणि तिच्यासोबत पायथन भाषेतली छोटी आज्ञावली प्रसिद्ध झाली. रेणूची रचना ताडण्यासाठी लागणारे काही आकडे ती काढून देते. २०१९ मध्ये हवाई विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञांना आढळले की तेच आकडे घातले तरी मॅकच्या मॅव्हरिक्स या आवृत्तीवर आणि विंडोज १० वर एक उत्तर येते, आणि उबंटूवर व मॅकच्या मोहावी आवृत्तीवर दुसरेच. शोध घेतल्यावर कारण अगदी क्षुल्लक निघाले. आज्ञावली कप्प्यातल्या फायलींची यादी मागते आणि ती एका ठरावीक क्रमाने येईल असे गृहीत धरते. यादी कोणत्या क्रमाने द्यायची हे मात्र प्रत्येक प्रणाली आपल्या मर्जीने ठरवते. यादी आधी क्रमाने लावून घेण्याची सूचना घातली आणि दोष गेला. पण मधल्या पाच वर्षांत या पद्धतीचा आधार घेणारे दीडशेहून अधिक शोधनिबंध प्रसिद्ध झालेले होते.

आपला शिधा आपल्यासोबत

यावर उपाय म्हणून जी कल्पना पुढे आली ती वारकऱ्यांना नवी नाही. पंढरीच्या वाटेवरच्या दिंड्या आपले धान्य, भांडी, तंबू ट्रकमध्ये भरून नेतात. मुक्कामाच्या गावाने जागा आणि पाणी तेवढे द्यायचे. त्या गावात कोणत्या प्रतीचा तांदूळ मिळतो याची दिंडीला फिकीर नसते. संगणकातही आज्ञावली, तिची भाषा, तिची ग्रंथालये असा सगळा शिधा एका पेटीत बांधून न्यायचा. या पेटीला कंटेनर म्हणतात आणि बांधून ठेवलेल्या फाईलला इमेज. गावाने द्यायचे जागा-पाणी म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा, कर्नल. तो पेटीत नसतो. ज्या यंत्रावर पेटी उघडाल त्याचाच वापरला जातो.

हे साधते कसे? चालू असलेली आज्ञावली जगाकडे थेट पाहत नाही. फाईल हवी, स्मृती हवी, की ती कर्नलला विचारते, आणि कर्नल जे दाखवील तेच तिचे जग. मग कर्नलने तिला निवडक जग दाखवले तर? १९७९ मधल्या युनिक्समध्ये एक सोय आली होती. तिच्यामुळे एखाद्या आज्ञावलीला कोठारातला एकच कप्पा म्हणजे संपूर्ण कोठार असे भासवता येई. लिनक्सने २००२ पासून पुढे हीच कल्पना वाढवत नेली आणि फायली, वापरकर्ते, चालू प्रक्रिया, जाळे या सर्वांबाबत वेगळे जग दाखवण्याची सोय केली. त्याला नेमस्पेस म्हणतात. दुसऱ्या बाजूने, एखाद्या गटातल्या सर्व प्रक्रियांनी मिळून किती स्मृती, किती प्रक्रियक वापरायचे याला लगाम घालणारी सीग्रुप नावाची सोय गूगलच्या अभियंत्यांनी २००६ मध्ये करायला घेतली आणि २००८ च्या आरंभी ती लिनक्समध्ये आली. कंटेनर म्हणजे कर्नलच्या या सोयींची मोळी. यात संपूर्ण संगणकाची नक्कल नसते, त्यामुळे पेटी उघडायला फारसा वेळ लागत नाही.

२०१३ मध्ये डॉकर ही आज्ञावली आली आणि तिने हे सारे इतके सोपे केले की कंटेनर जगभर पसरले. संशोधकही हौसेने क्लस्टरच्या व्यवस्थापकांकडे गेले, की आमच्यासाठी डॉकर बसवा. व्यवस्थापक बधले नाहीत. हा निव्वळ आडमुठेपणा नव्हता. त्यांची दोन कारणे होती आणि दोन्ही विचार करण्याजोगी आहेत.

डॉकरमध्ये प्रत्यक्ष काम एक कायम जागा असलेला सेवक करतो, आणि मूळ रचनेत त्याच्याकडे यंत्राचे सर्वाधिकार असतात. वापरकर्ता त्याला फक्त निरोप देतो. शाळेच्या सर्व खोल्यांच्या किल्ल्या असलेला शिपाई कुणाही विद्यार्थ्याचे ऐकू लागला तर काय होईल? विद्यार्थी स्वतः कुलूप तोडत नाही, पण प्रश्नपत्रिका त्याच्या हाती पडते. इथेही वापरकर्ता निरोप देऊ शकतो की यंत्राची सगळी तबकडी माझ्या पेटीत जोड आणि पेटीत मला सर्वाधिकारी कर. झाले, सर्वांच्या फायली खुल्या. एकट्याच्या संगणकावर हे चालते. शेकडो अनोळखी लोकांच्या यंत्रावर नाही.

दुसरे कारण हिशेबाचे. चिठ्ठीतले काम सुरू होताना नियोजक ती प्रक्रिया सीग्रुपमध्ये घालतो. तिच्यापासून पुढे जन्मणाऱ्या सर्व प्रक्रिया त्याच गटात मोडतात, म्हणून हिशेब चुकत नाही. डॉकरच्या बाबतीत चिठ्ठीतले काम केवळ निरोप देऊन बसते. आकडेमोड करणारी प्रक्रिया सेवकाच्या पोटी जन्मते, म्हणजे नियोजकाच्या खातेवहीबाहेर. चार प्रक्रियक मागून चाळीस वापरले तरी वहीत शून्यच. वेळ संपली की नियोजक निरोप्याला बंद पाडतो. खरे काम चालूच राहते, आणि पुढच्या संशोधकाला मिळतो तो आधीच भरलेला नोड. रांगेचा सगळा न्याय इथे कोसळतो. (२०२० पासून डॉकरमध्येही सर्वाधिकारांशिवाय चालण्याची पक्की सोय आहे, पण तोवर क्लस्टरवाल्यांनी आपला मार्ग काढला होता.)

हा मार्ग अमेरिकेतल्या दोन सरकारी प्रयोगशाळांनी जवळपास एकाच सुमारास काढला. बर्कलीच्या महासंगणन केंद्रात शिफ्टर, लॉस अलामॉसला चार्लीक्लाऊड, आणि लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतच ग्रेगरी कर्ट्झर यांनी सुरू केलेली सिंग्युलॅरिटी. २०२१ मध्ये सिंग्युलॅरिटी लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली गेली आणि तिचे नाव ॲप्टेनर झाले. तिघांचा विचार एकच: मधला सेवक काढून टाका. ॲप्टेनर ही इतर कोणत्याही आज्ञावलीसारखी चिठ्ठीतल्या कामातूनच सुरू होते, पेटी उघडते आणि आतल्या आज्ञावलीला जन्म देते. ती नियोजकाच्याच गटात राहते. पेटीच्या बाहेर तुम्ही जे असाल तेच आत; बाहेर ज्या फाईलला हात लावता येत नाही तिला आतूनही लावता येत नाही. लिनक्समध्ये २०१३ पासून सामान्य वापरकर्त्यालाही आपल्यापुरते वेगळे जग मागता येऊ लागले, त्यामुळे हे आणखी सुरक्षित झाले.

संशोधकाच्या चिठ्ठीत यामुळे फरक किती पडला? वरची मागणी तशीच. खाली पूर्वी ‘ही आज्ञावली चालव’ असे लिहिलेले असे. आता ‘ॲप्टेनरकरवी, या इमेजमधली ही आज्ञावली चालव’ असे लिहायचे. एका ओळीतले दोन-तीन शब्द वाढले. स्लर्मने तर २०२१ मध्ये कंटेनर थेट मागण्याची सोय आपल्या मागणीच्या ओळींतच केली.

एक फायदा मात्र आरंभी कुणी फारसा धरला नव्हता. पायथनची मोठी आज्ञावली सुरू होताना हजारो लहान फायली उघडते. ती एकदम हजार प्रक्रियांत सुरू झाली की सामाईक कोठाराच्या ‘कोणती फाईल कुठे आहे’ सांगणाऱ्या यंत्रावर लाखो विचारणा येऊन आदळतात, आणि सगळे क्लस्टर मंदावते. ॲप्टेनरची इमेज ही एकच मोठी फाईल असते. कोठाराला एकाच फाईलचा पत्ता विचारला जातो. आतल्या लहान फायलींची शोधाशोध त्या त्या नोडवरच होते. खिडकीपाशी हजार जणांनी एकेक पुस्तक मागण्याऐवजी प्रत्येकाने पेटीच उचलून नेली, तसे.

एकाच क्लस्टरपुरते हे राहिले नाही. गुरुत्वीय लहरींचा शोध घेणाऱ्या लायगोची काही आकडेमोड अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांच्या क्लस्टरांवर वाटून होते. तिथे काँडोर काम वाटतो, आणि पुढे येणारा नोड कोणत्या कार्यप्रणालीचा असेल हे आधी माहीत नसते. पेटीमुळे ते माहीत असण्याची गरज उरत नाही. हिंगोली जिल्ह्यात लायगो-इंडियाची उभारणी व्हायची आहे. तिच्या निरीक्षणांनाही याच जातीच्या संगणनातून जावे लागणार.

पेटीत जे मावत नाही

आता मर्यादा. कर्नल यजमानाचा असतो हे आपण पाहिलेच. इंटेल जातीच्या प्रक्रियकासाठी बांधलेली पेटी आर्म जातीच्या प्रक्रियकावर सरळ चालत नाही. चित्रप्रक्रियक वापरायचा तर त्याचा चालक यजमानाकडून पेटीत आणावा लागतो. ॲप्टेनरला तशी सूचना देता येते. अनेक नोडांवर पसरलेल्या कामात नोडांनी एकमेकांशी बोलायचे असते; त्यासाठीचे ग्रंथालय पेटीतले आणि यजमानाचे परस्परांशी जुळले नाही तर काम सुरूच होत नाही, किंवा सुरू होऊन रखडते. पेटी घ्या आणि कुठेही चालवा, ही जाहिरात या ठिकाणी खोटी पडते.

रसायनशास्त्रातल्या त्या आज्ञावलीचे काय? पेटीत घातली असती तर दोष टळला असता का? फायली जर यजमानाच्या कोठारातून येत असतील तर त्यांच्या यादीचा क्रम ठरवणार यजमानाचे कोठार, पेटी नव्हे. तो दोष पेटीतही जसाच्या तसा राहिला असता. आणि क्रम पेटीने ठरवला असता, तर सर्वत्र एकच उत्तर आले असते; कदाचित सर्वत्र तेच चुकीचे. दोन यंत्रांवर दोन उत्तरे आली म्हणून तर चूक सापडली.

इमेज बांधण्याची कृतीही एका फाईलमध्ये लिहिलेली असते: अमुक प्रणाली घ्या, तिच्यावर तमुक ग्रंथालय बसवा. या कृतीत ‘सर्वांत नवी आवृत्ती घ्या’ असे लिहिण्याची सवय फार आहे. मार्चमध्ये त्या कृतीने बांधलेली पेटी आणि डिसेंबरमध्ये बांधलेली पेटी मग वेगळ्या निघतात, नाव एकच असले तरी. म्हणून आवृत्तीचा आकडा लिहावा आणि तयार इमेजही जपून ठेवावी. इमेज तीच आहे हे पडताळण्याची रीत सोपी आहे. संपूर्ण फाईलवरून ठरावीक आकडेमोड करून ६४ चिन्हांची एक खूण काढतात आणि ती शोधनिबंधात छापतात. वाचणाऱ्याने आपल्याकडच्या फाईलची खूण काढून ताडून पाहायची. काही गिगाबाइटच्या त्या पेटीत एक अक्षर जरी बदललेले असले, तरी खूण पार वेगळी येते.